नोकरी शोधण्याचा खर्च

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांत ऊसतोडीचा मुकादम हंगामाच्या कितीतरी आधी गावात येतो आणि एका कोयत्यामागे, म्हणजे जोडप्यामागे, उचल देऊन जातो. रक्कम लाखाच्या घरात जाते. हे उपकार नव्हेत. उचल म्हणजे कर्जच, आणि ते फेडताना पोरांच्या शाळा सुटतात, हंगाम संपला तरी मुकादमाच्या वहीत बाकी निघते ती निघतेच. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: इथे माणूस शोधण्याचा खर्च माणूस हवा असणारा करतो. त्याच घरातला पदवीधर मुलगा मात्र कामासाठी आधी पदरचे पैसे मोजत असतो. अर्जाचे, दाखल्यांचे, क्लासचे, अभ्यासिकेचे, एसटीचे, परगावच्या खोलीचे. काम मिळेल की नाही हे त्याला कोणी सांगत नाही. बहुतेक वेळा ‘मिळणार नाही’ एवढेही सांगत नाही.

नोकरी शोधण्यातला सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचारले की स्पर्धा, वशिला, आरक्षण, इंग्रजी, मुलाखतीची धास्ती अशी उत्तरे येतात. ती खोटी नाहीत. पण नगर जिल्ह्यापुरता हा प्रश्न तपासताना मला दिसते ते असे, की शोधाचा सगळा खर्च आणि सगळी अनिश्चितता शोधणाऱ्याच्याच माथी आहे. ज्याच्याकडे जागा आहे त्याला उशीर करणे, भरती रद्द करणे, गप्प बसणे यातले काहीही महाग पडत नाही.

आधी अंतराचे बघू. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर लोक. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर उभे राहिलेले साखर कारखाने, दक्षिणेला पर्जन्यछायेतली कोरडवाहू गावे. लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, त्यामागोमाग इतर कारखाने, बँका, पतसंस्था, शाळा, महाविद्यालये आली. उत्तरेच्या दोन पिढ्यांना नोकरी म्हणजे कारखाना, बँक किंवा संस्था एवढेच माहीत होते. दक्षिणेचा शोध पहिल्यापासून गावाबाहेरचा. पारनेरचा माणूस मुंबईला जायचा, आधी गेलेल्या भावकीतल्या कोणाच्या तरी खोलीवर उतरायचा, आणि त्याच्याच ओळखीने माथाडीत किंवा बाजारात लागायचा. आज दिशा बदलल्या आहेत. श्रीगोंदा-पारनेरची मुले रांजणगाव, शिक्रापूर, चाकणला जातात, संगमनेर-अकोल्याची सिन्नर-नाशिकला, नेवासा-शेवगावची वाळूजला. जिल्ह्याचे ठिकाण उत्तरेकडच्या तालुक्यांना वाटेत लागतही नाही. अकोल्याच्या मुलाला रोजगार मेळाव्यासाठी नगर गाठायचे तर जाण्याचेच शंभराहून जास्त किलोमीटर होतात, आणि अख्खा दिवस एसटीत जातो.

सरकारी भरतीवर मी जास्त थांबणार आहे, कारण जिल्ह्यातल्या शिकलेल्या मुलामुलींची उमेदीची वर्षे सर्वाधिक तिथेच जातात.

जिल्हा परिषदांच्या २०१९ च्या भरतीचे उदाहरण घ्या. मार्च २०१९ मध्ये राज्यभरच्या जिल्हा परिषदांनी जाहिराती काढल्या. मुलांनी अर्ज भरले. एकाच पदासाठी दोन-तीन जिल्ह्यांत अर्ज करायचा तर प्रत्येक ठिकाणचे शुल्क वेगळे, त्यामुळे काहींचे हजारो रुपये गेले. मग निवडणूक आली, सरकार बदलले, परीक्षा घेणारे महापरीक्षा पोर्टल २०२० मध्ये बंद झाले, करोना आला, आरक्षणाचा पेच आला. परीक्षा झालीच नाही. साडेतीन वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, भरती रद्द झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांची नवी जाहिरात आली. जुने शुल्क परत मिळवण्यासाठी उमेदवारांना पुन्हा एका संकेतस्थळावर जाऊन बँक खात्याची माहिती भरावी लागली. शुल्क घेताना सरकारला ज्यांचा पत्ता नीट ठाऊक होता, त्यांनीच परताव्यासाठी नव्याने ओळख पटवायची! या दरम्यान ज्यांचे वय निघून गेले त्यांच्यासाठी मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांची एकवेळची सवलत देण्यात आली. सवलत योग्यच होती. पण वय कोणामुळे गेले, हे त्या आदेशात लिहिण्याची पद्धत नसते.

त्याच वर्षी तलाठी भरती झाली. ४,६४४ जागा, दहा लाखांहून जास्त अर्ज, म्हणजे एका जागेमागे सव्वादोनशेच्या आसपास उमेदवार. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. साधा गुणाकार केला तरी ही रक्कम नव्वद कोटींच्या वर जाते. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत चालली. २१ ऑगस्ट २०२३ ला सर्व्हर बंद पडल्याने राज्यभरच्या केंद्रांबाहेर मुले तिष्ठत राहिली. निकाल लागला तेव्हा दोनशे गुणांच्या परीक्षेत कोणाला २१४ गुण पडल्याचे दिसले. वेगवेगळ्या सत्रांतले पेपर कमीजास्त कठीण असतात, म्हणून गुणांचे सामान्यीकरण करतात, आणि त्या गणिताने आकडा दोनशेच्या पुढे जाऊ शकतो. गणित चुकीचे नव्हते. पण ते आधी समजावून सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, आणि आरोग्य विभागाचा पेपर फुटल्याचे, ‘म्हाडा’ची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाल्याचे, शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) घोटाळ्यात परीक्षा परिषदेच्याच आयुक्तांना अटक झाल्याचे २०२१ साल मुले विसरली नव्हती. म्हाडाची परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा कितीतरी मुले परगावच्या केंद्रांकडे निघालेली होती. त्यांच्या तिकिटाचा परतावा कोणत्याच यादीत नसतो. २०२४ मध्ये राज्याने पेपरफुटीविरुद्ध कायदा केला. त्याची धार अजून पाहायची आहे.

पास झाले म्हणजे सुटले, असेही नाही. राज्यसेवा २०१९ चा निकाल जून २०२० मध्ये लागला. तहसीलदार, उपजिल्हाधिकारी अशा पदांवर निवडलेले ४१३ उमेदवार पुढे वर्षभराहून अधिक काळ नेमणुकीच्या पत्राची वाट पाहत घरी बसले, कारण सप्टेंबर २०२० मध्ये मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली होती. गावात सत्कार झालेला, बॅनर लागलेला, आणि साहेब वडिलांबरोबर कांदा काढताहेत, असे चित्र तेव्हा राज्यभर होते. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा पुण्याच्या नवी पेठेत मुले रस्त्यावर बसली. त्या पेठेतल्या खोल्यांमध्ये नगरची मुले किती असतात, हे कोणत्याही मेसमालकाला विचारावे.

कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञाने तमिळनाडूतल्या भरतीबंदीचा अभ्यास केला आहे. २००१ ते २००६ या काळात तिथे बहुतेक सरकारी भरती थांबली होती. जागाच नाहीत म्हटल्यावर मुले दुसऱ्या कामाकडे वळतील असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच: तरुण अधिक काळ बेकार राहून तयारीच करत बसले. भरती थांबली की मुले शहाणी होतात, हा आपल्याकडच्या कार्यालयांतला समज त्यामुळे तपासून घ्यायला हवा.

का बसतात? याचे एक उत्तर अभ्यासिकांत मिळते. नगरच्या सावेडीत, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या आसपास, आता तालुक्याच्या गावांतही, महिन्याच्या भाड्याने खुर्ची मिळते. सकाळी सहाला दार उघडते. पोलिस भरतीवाली मुले त्याआधीच रस्त्यावर धावून आलेली असतात, सोळाशे मीटरची वेळ मोजून. मग चालू घडामोडी, गणित-बुद्धिमत्ता, दुपारी डबा, संध्याकाळी टेस्ट, चहाच्या टपरीवर कट-ऑफची चर्चा. १९३३ साली मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी ऑस्ट्रियातल्या मारिएनताल या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली गिरणी बंद पडून जवळपास सगळे गाव बेकार झाले होते. त्यांना आढळले की वेळ हाताशी भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे घटले, माणसे रस्त्याने हळू चालू लागली, दिवसाचा आकारच हरवला. आपल्या अभ्यासिकेत दिवसाला आकार असतो, कडक वेळापत्रक असते, सोबती असतात, आणि ‘सध्या काय करतोस’ या प्रश्नाला ‘तयारी करतोय’ असे मानाचे उत्तर असते. ती खुर्ची सोडली की यातले काहीच उरत नाही. म्हणून मुलगा सहाव्या वर्षीही खुर्ची सोडत नाही. याला लोक आळस म्हणतात, तेव्हा मला त्यांचा राग येतो.

वय जाते तसे लग्नही अडते. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवांचा मोर्चा निघाला. राज्याने त्याची थट्टा केली. नगरच्या खेड्यात त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. इथे तिशी गाठलेल्या मुलाची नोकरी ही आईच्या उपासांचा विषय असते.

आता कंपन्यांकडे वळू. नगरच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत आणि दौंड रस्त्याच्या किनेटिकमध्ये एक पिढी ‘परमनंट’ झाली. किनेटिकची लूना मोपेड १९७२ ला आली, आणि तिच्या आधाराने शहरातल्या अनेक कामगार वसाहती उभ्या राहिल्या. आज सुप्याला, पुणे रस्त्यावर, नव्या कंपन्या आहेत. जपानी उद्योगांसाठी तिथे स्वतंत्र पट्टा राखला गेला. पण गेटवर जाऊन बायोडाटा देण्याचे दिवस गेले. कामगार कंत्राटदारामार्फत येतो. आयटीआय झालेला मुलगा ट्रेनी म्हणून लागतो, लाईनवर नियमित कामगाराइतकेच काम करतो आणि सात महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ मिळतो. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलेल्याला काही संरक्षण होते. ब्रेकची प्रथा त्या आकड्याच्या अलीकडे थांबण्यासाठीच वाढली, हे कारखान्यातल्या कोणालाही माहीत असते. परिणाम असा की या मुलाचा शोध कधी संपतच नाही. रांजणगावला सात महिने, मग सुपे, मग चाकण, पुन्हा रांजणगाव. दरवेळी नवा कंत्राटदार, नवी खोली, नवे डिपॉझिट. पाच वर्षांनंतर त्याच्याकडे पाच ओळखपत्रे असतात, अनुभवाचे एकही पत्र नसते.

स्थानिकांना ऐंशी टक्के आणि पर्यवेक्षकाच्या दर्जाला पन्नास टक्के जागा द्याव्यात, असा राज्याचा निर्णय २००८ चा. तो कागदावर आहे. कंपन्यांचे म्हणणे असते की स्थानिक मुलगा यात्रेला, लग्नसराईला, कांदा काढणीला दांडी मारतो आणि लगेच पुढाऱ्याला फोन करतो. मुलांचे म्हणणे असते की पुढाऱ्याला फोन केल्याशिवाय आत घेतच नाहीत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि त्यात पुढाऱ्याचे काहीच बिघडत नाही.

ओळखीला आपण वशिला म्हणून नावे ठेवतो, पण ओळखीवाचून कामे मिळत नाहीत हे जगभरचे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या लेखात दाखवले की माणसाला नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त कळते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत तेवढेच माहीत असते. पारनेरचे उदाहरण त्याला चपखल बसते. भावकीने माणसाला उपाशी ठेवले नाही, पण माथाडीच्या खोलीवर उतरलेला बहुधा माथाडीच झाला. ज्याच्या वर्गात, वसतिगृहात, क्रिकेटच्या संघात वेगळ्या घरातली मुले होती तो वेगळीकडे पोचला. भूमिहीन किंवा ठाकर वस्तीवरच्या मुलाकडे दोन्ही प्रकारच्या ओळखी कमी. त्याला जाहिरात वाचूनच नोकरी शोधावी लागते, म्हणून सरकारी परीक्षा रखडली की सर्वांत जास्त मारही त्यालाच बसतो.

अकोले तालुक्यात हे उघड दिसले. तिथली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा, म्हणजे पेसा कायद्याच्या, क्षेत्रातल्या सतरा संवर्गांची भरती न्यायालयीन वादात अडकली. तलाठी, शिक्षक, वनरक्षक अशा पदांच्या परीक्षा देऊन निवड झालेले आदिवासी उमेदवार नेमणुकीविना राहिले. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उड्या मारल्या, त्यांच्या मागण्यांत ही भरती होती. निकाल लागेपर्यंत मानधनावर नेमणुका, असा तोडगा निघाला. पद होते, माणूस निवडलेला होता, तरी हातात पडले ते मानधन.

शिक्षणसंस्थांचा जिल्हा म्हणून नगर मिरवते, आणि डीएड-बीएड झालेल्यांची दाटी इथे तशीच आहे. मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. संस्थाचालकांनी जागा विकू नयेत म्हणून २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले, त्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, नेमणुकांच्या याद्या लागायला २०१९ उजाडले. दुसरी चाचणी २०२३ ला, यादी फेब्रुवारी २०२४ ला. पोर्टलने पैशाचा बाजार बराच आवरला असे माझे मत आहे. मात्र खासगी संस्थांसाठी मुलाखतीचा पर्याय उरला, आणि ‘किती द्यावे लागतील’ हा प्रश्न गावात अजून विचारला जातो. महाविद्यालयांत तर पोर्टलही नाही. सेट-नेट, पीएचडी झालेली माणसे तासिका तत्त्वावर शिकवतात. उन्हाळ्यात पगार बंद, जूनमध्ये पुन्हा त्याच खुर्चीसाठी मुलाखत, समोर तेच प्राचार्य. जिल्हा सहकारी बँकेची २०१७ ची भरती वादात आणि चौकशीत सापडली होती. २०२४ मध्ये बँकेने सातशे जागांची जाहिरात काढली तेव्हा अर्ज भरणारेच एकमेकांना विचारत होते, ‘खरंच मेरिटवर होईल का?’ शंका घेणे हाही शोधातला एक खर्चच आहे.

फसवणूक याच शंकेवर पोसते. ‘आत माणूस आहे, चिकटवून देतो’ असे सांगून रेल्वे, सैन्य, मंत्रालयाची खोटी नियुक्तिपत्रे देणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळते, कारण खरी प्रक्रियाही बाहेरून तितकीच गूढ दिसते. फसलेले घर बहुधा तक्रार करत नाही. पैसे देणे हाही गुन्हाच होता, ही भीती असते. जमीन गहाण पडलेली असते ती वेगळीच.

मुलींचा शोध आणखी अरुंद वाटेने जातो. दूरचे केंद्र आले की बरोबर कोणीतरी जावे लागते, म्हणजे दोघांचा खर्च. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा परीक्षांना जाणाऱ्या मुलींना किती उपयोग झाला, हे पहाटेच्या तारकपूर स्टँडवर दिसते. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. पडताळणीच्या टेबलावर तिला राजपत्र दाखवावे लागते, शेजारच्या मुलाला लागत नाही. अंगणवाडीच्या जागेला स्थानिक रहिवासाची अट असते, त्यामुळे बारावी-पदवी झालेल्या सुनेला नवऱ्याच्या गावात जागा निघेल तेव्हाच अर्ज करता येतो. सुप्याच्या कंपन्यांत रात्रपाळीची बस कोणत्या फाट्यापर्यंत येते, यावर घरातले हो-नाही ठरते.

सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन, सहा महिने, पुढे ती मुदत अकरा महिन्यांवर नेली. शोधणाऱ्याच्या हातात पैसे देणारी योजना म्हणून मी तिचे स्वागत करतो. पण मुदत संपल्यावर हीच मुले ‘आम्हाला कायम करा’ म्हणत आंदोलनाला बसली, कारण प्रशिक्षणापुढे दार कुठे उघडते ते कोणी ठरवलेच नव्हते.

शुल्काबद्दल एक समर्थन नेहमी ऐकू येते: कमी ठेवले तर हौशेनवशे अर्ज करतात, आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीचे पैसे भागवावे लागतात. मग केंद्रीय लोकसेवा आयोग देशातली सर्वांत मानाची परीक्षा १०० रुपयांत कशी घेतो, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना तेवढेही का लावत नाही? राजस्थानने २०२३ मध्ये राज्याच्या भरती परीक्षांसाठी एकदाच नोंदणी शुल्क घेण्याची पद्धत आणली. पुढच्या प्रत्येक अर्जाला वेगळे पैसे नाहीत. केंद्रीय आयोग वर्षाचे वेळापत्रक आधी छापतो आणि बहुतांशी पाळतो. महाराष्ट्रात तलाठी, जिल्हा परिषद, पोलिस यांच्या जाहिराती कधी निघतील हे यूट्यूबवरचे मास्तर सांगतात. २०२४ च्या पोलिस भरतीत १७,४७१ पदांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले, आणि मैदानी चाचणी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर लागली. एकदाच शुल्क, ठरलेला महिना, भरती रद्द झाल्यास ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात आपोआप परतावा, आणि निवड न झालेल्याला त्याच्या गुणांसह कळवणे: यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाचा एक शासन निर्णय पुरेल.